पट्ट्यावरच्या सामंतबाई

ऋता, ये बाई, अशी माझ्याजवळ सरक. तू तिकडे दुबईत, मी इकडे अजमानला, तेव्हा कागदावरच सरकायचं. पण समोर बसल्यासारखी वाच आणि वाचेपर्यंत तो फोन पालथा घाल. आधी थोडी रागावते, मग सांगते. गेल्या खेपेला आलीस ती उभ्या उभ्या, आणि निघताना आमच्या लिफ्टचं बटण इतक्या वेळा दाबलंस की शेजारच्या मल्याळी बाई दार उघडून बघायला आल्या. मी म्हटलं, अगं येईल, ती काय पळून जातेय का. तर म्हणालीस, “आजी, इट्स सो स्लो, आय कान्ट.” आणि गेलीस जिन्याने. चहा तसाच ओट्यावर. जिन्याने गेलीस ते एक चांगलं केलंस, तेवढेच पाय चालले. पण तेव्हापासून मला सारख्या सामंतबाई आठवतायत. कारण मी आयुष्यात एक अशी लिफ्ट पाहिली आहे जिला बटणच नव्हतं. दारही नव्हतं. आणि तिच्यावर बिनधास्त उभी राहणारी बाई मी एकच पाहिली.

तुझे आजोबा उम्म अल कुवैनला पिठाच्या गिरणीत हिशेबाचं काम बघायचे, हे तुला माहीत आहे. मीही तिथे कामाला होते, हे तुम्ही सगळे विसरता. गिरणी म्हणजे आपल्या कोपऱ्यावरची डबा ठेवून यायची गिरणी नव्हे हं. सात मजली इमारत, आणि सगळी सतत थरथरणारी. गहू बोटीतून यायचा, वरच्या मजल्यावर चढायचा आणि दळत-चाळत खाली उतरायचा. पीठ कसं आहे ते सांगायला यंत्रं होती पुष्कळ, पण त्यांतल्या एकालाही चपाती खाता येत नव्हती. म्हणून गिरणीला चपात्या करणारी बाई हवी होती. तुझे आजोबा साहेबांना म्हणाले, माझ्या घरी आहे एक. झालं. सातवी शिकलेली तुझी आजी लॅबमध्ये लागली. प्रत्येक घाण्याच्या पिठाच्या चपात्या लाटायच्या, भाजायच्या, आणि त्या फुगतात का, चार तासांनी मऊ राहतात का, ते बघायचं. आयुष्यभर घरी फुकट केलं त्याचे इथे दिरहॅम मिळाले. लोक मला माई म्हणायचे.

लॅबमधल्या माझ्या स्वयंपाकघराच्या दाराबाहेरच ती लिफ्ट. साहेब लोक तिला मॅनलिफ्ट म्हणत, कामगार पट्टा म्हणत. जाड रबरी पट्टा, तळमजल्यापासून सातव्या मजल्यापर्यंत उभा ताणलेला, एका अंगाने वर जाणारा, दुसऱ्या अंगाने खाली येणारा. त्याला ठराविक अंतरावर पाऊल मावेल एवढ्या लाकडी पायऱ्या आणि धरायला मुठी. प्रत्येक मजल्याच्या जमिनीत माणूस जाईल एवढं गोल भोक. गिरणी चालू तोवर पट्टा चालू. आपल्यासमोर पायरी आली की तिच्यावर पाऊल ठेवायचं, मूठ धरायची आणि वर निघायचं. मजला आला की चालत्या पट्ट्यावरून उतरायचं. अडचण आलीच तर पट्टा थांबवायला कडेला दोरी होती. पण ती ओढली की भोंगा वाजायचा आणि सगळ्या गिरणीला कळायचं की कुणीतरी घाबरलं. त्यामुळे ती दोरी अगदी नवी कोरी राहिली होती.

दारातून बघताना मजा वाटायची मला. वर जाणारा माणूस डोक्याकडून संपत जायचा. आधी टोपी छतात गेली, मग खांदे, शेवटी नुसते दोन बूट, मग तेही नाहीत. आणि खाली येणारा पायांकडून सुरू व्हायचा. बुटांवरून मी माणूस ओळखायला लागले होते.

अशा गिरणीत सामंतबाई आल्या. मूळच्या कुडाळकडच्या, वाढल्या मुंबईत, केमिस्ट्री शिकलेल्या, पण लग्नानंतर इथे येऊन घर आणि मुलगी यांतच रमलेल्या. सामंत नोकरीला दुबईत होते. एके दिवशी ऑफिसातच गेले, बसल्या जागी. पन्नाशीसुद्धा नव्हती. तुला सांगायला नको, इथे नवऱ्याच्या व्हिसावर राहणाऱ्या बाईचं अशा वेळी काय होतं. मुलगी मिथिला अकरावीत, शारजाच्या शाळेत. बारावी होईपर्यंत तिला इथेच ठेवायचं तर बाईंना स्वतःचा व्हिसा हवा, म्हणजे स्वतःची नोकरी हवी. मिळाली ती ही, पिठाचे नमुने तपासायची. पहिले तीन महिने बघणार, मग पक्की करणार.

आणि नमुने कुठे? सातही मजल्यांवर. ते तासातासाला गोळा करायचे.

आमच्याकडे एक इजिप्शियन इंजिनियर होता. त्याला सगळे मुहंदिसच म्हणायचे, अरबीत इंजिनियरला तेच म्हणतात. धिप्पाड, मिश्यांत सदा पीठ. त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, “मदाम, लेडीज नो पट्टा.” बाईंनी विचारलं, मग जिना चालेल? तो म्हणाला, माझ्याकडून हरकत काहीच नाही, पण तुम्ही सात मजले चढून उतरेपर्यंत ते पीठ पोत्यात भरून ट्रकात जाईल, मग तपासून काय उपयोग. आणि ते खरंच होतं. पहिल्या आठवड्यात बाई जिन्याने करून बघत होत्या, तर त्यांचा नमुना यायच्या आत पोती शिवून व्हायची.

तेव्हा त्यांनी मुहंदिसकडून एक गोष्ट कबूल करून घेतली. तीन महिने संपतील त्या दिवशी त्याने खाली उभं राहून बघायचं. पट्ट्यावरून सातही मजले नीट केले तर नोकरी पक्की करायचा शेरा द्यायचा. नाही तर नाही. तो म्हणाला, “इन्शाल्ला.” इथलं इन्शाल्ला तुला माहीत आहे, त्यात होही असतं आणि नाहीही.

आता गंमत अशी, की बाईंना पट्ट्याची विलक्षण भीती वाटायची. माझ्या दारात येऊन उभ्या राहायच्या, चेहरा पिठापेक्षा पांढरा. मी विचारायची, बाई, काय होतंय? तर म्हणायच्या, काही नाही, जरा वारं लागलं. एसी बंद, खिडकी बंद, आणि यांना वारं लागलेलं. घाबरले हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. फार वारं लागलं की मनगटाला बांधलेला रुमाल सोडायच्या आणि पुन्हा बांधायच्या.

शिकवायला सगळी गिरणी धावून आली. पाकिस्तानी पॅकर सांगायचा डावा पाय आधी, मल्याळी इलेक्ट्रिशियन म्हणायचा उजवा. दापोलीकडचे हमीदचाचा परकार चाळण्यांच्या मजल्यावर होते. लहानपणी त्यांच्या वाडीत विहिरीवर रहाट होता, मडक्यांची माळ पाणी घेऊन वर येणारी. ते पट्ट्यालाही रहाटच म्हणायचे. बाईंना त्यांनी एकच धडा दिला.

“बाय, मडक्यासारका व्हायचा. मडका काय इचार करतो?”

“मडक्याला व्हिसा लागत नाही, चाचा,” बाई म्हणाल्या.

चाचा इतके हसले की त्यांची स्वतःचीच पायरी चुकली.

हळूहळू बाई चढायला शिकल्या. उतरणं मात्र जमेना. एकदा दुपारी काय झालं, मी तव्यावर चपाती टाकली आणि वरून भोंगा. पट्टा थांबला. दारात आले तर समोर नुसते पाय. हमीदचाचा निम्मे छतात अडकलेले, कमरेपासून खालचेच दिसत होते, आणि वरून त्यांचा आवाज येत होता, “या अल्ला, कोन हाय वर?” पट्ट्याच्या अगदी माथ्याला एक आडवी दांडी होती. सातव्यावर कुणी उतरायचं विसरलं तर त्याचं डोकं आपटायच्या आधी ती दांडी ढकलली जाऊन पट्टा बंद पडावा आणि भोंगा वाजावा, अशी सोय. आमच्या काळात कुणी तिथवर गेलंच नव्हतं. सामंतबाई गेल्या होत्या. सातवा आला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते, रामरक्षा अर्धी झाली होती.

मुहंदिस जिन्याने धावत वर गेला. पट्टा बंद, मग दुसरं काय करणार. सात मजले, एवढा मोठा माणूस. वर पोचला तेव्हा त्याच्याच्याने बोलवेना. आणि बाई छताला टेकल्यासारख्या पायरीवर उभ्या, रुमाल घट्ट बांधलेला. त्याने तोंड उघडायच्या आधी बाईच म्हणाल्या, इंग्रजीत, अगदी शांतपणे, की वरचा स्विच चालतो का ते बघत होते. चालतो.

हे मला चाचांनी सांगितलं. मुहंदिसने म्हणे आधी दम घेतला. मग त्याने मागे वळून विचारलं की हा स्विच याआधी कधी तपासला होता. तो कुणीच कधी तपासला नव्हता. त्याला रागावताच येईना.

पण नोकरीसाठी ठरलेली परीक्षा काही त्याने सोडली नाही. तीन महिने संपले आणि तो दिवस आला. आदल्या दिवशी मिथिला शाळेतून परस्पर गिरणीत आली होती. दाराबाहेर उभी राहून पट्टा बघत होती. मला म्हणाली, “मौशी, इट्स लिटरली अ कन्व्हेयर बेल्ट फॉर पीपल.”  थोड्या वेळाने हळूच विचारलं, आईचं उद्या झालं नाही तर आपण कुडाळला जाणार का? तिकडच्या शाळेत मराठीतून गणित असतं का? एवढी मोठी मुलगी, पण रडवेली झाली होती. मी तिला गरम चपाती दिली, तूप लावून. दुसरं काय देणार?

त्या सकाळी सगळ्यांना नेमकी तळमजल्यावर कामं निघाली. पॅकर आला, इलेक्ट्रिशियन आला, तुझे आजोबाही बिनकामाची फाइल घेऊन आले. मुहंदिस हाताची घडी घालून उभा. बाई पट्ट्यासमोर गेल्या. पायरी आली. त्यांनी पाय उचलला नाही. पायरी वर निघून गेली. दुसरी आली, तीही गेली. माझ्या हातातलं लाटणं तसंच. तिसरी गेली. पॅकर पुटपुटला, यल्ला मदाम, चला. तुझ्या आजोबांनी डोळे मिटले. बाईंनी रुमाल सोडला, पुन्हा बांधला. आणि चौथ्या पायरीवर पाऊल ठेवून, मूठ धरून, सरळ वर गेल्या. टोपी गेली, खांदे गेले, बूट गेले. मग पलीकडच्या अंगाने रिकाम्या पायऱ्या येत राहिल्या, येत राहिल्या, आणि खूप वेळाने पिठाने माखलेले बूट दिसले.

सातही मजल्यांवर उतरून घेतलेले नमुने कमरेला बांधलेल्या बटव्यात होते. मुहंदिसने ते बघितलेसुद्धा नाहीत. त्याने एवढंच विचारलं, तीन पायऱ्या का सोडल्या?

“मी तयार नव्हते,” बाई म्हणाल्या. “मागून दुसरी येतेच की.”

त्याने मान हलवली आणि खिशातून पेन काढलं. नंतर चहा पिताना त्याने आम्हाला सांगितलं. तो तरुण असताना दुसऱ्या एका गिरणीत त्याच्यासमोर एक जण निसटलेल्या पायरीमागे झेपावला होता. तो माणूस वाचला, पाय नाही वाचला. तेव्हापासून म्हणे तो चढणाऱ्याचे हातपाय बघत नाही, निसटलेली पायरी सोडून देता येते का, एवढंच बघतो. आमच्या पॅकरला हे ऐकून वाईट वाटलं, कारण तो नेहमी उडी मारूनच चढायचा आणि त्याला वाटायचं मुहंदिस खूश असेल.

असा बाईंचा व्हिसा झाला. मिथिलाची बारावी इथेच झाली, पुढचं कॉलेजही इथेच.

त्यानंतर बाईंबरोबर किती वर्षं काढली. तो बटवा त्यांनी स्वतः शिवला होता, चाळणीच्या जुन्या कापडाचा. पट्ट्यावर हातात काही धरायचं नाही हा नियम, दोन्ही हात मोकळे हवेत. आधी लोक नमुन्याच्या पिशव्या दातांत धरून जायचे, मांजर पिल्लू नेते तसे. बाईंनी ते बघितलं आणि त्या रात्री मशीन काढलं. मग सगळ्यांनाच बटवे हवे झाले. चाचांनी तर आपल्यावर नाव शिवून घेतलं. रमझानात वरच्या मजल्यांवरच्या लोकांना खाली उतरून रोजा सोडायला वेळ नसायचा. सूर्य बुडायच्या जरा आधी बाई बटव्यात खजूर आणि माझ्या चपात्या भरून निघायच्या आणि मजल्यामजल्यावर देत जायच्या. उतरायचं नाही, जाता जाता द्यायचं. खालच्या भोकातून आधी त्यांची टोपी यायची, मग हात, हातात खजूर नाही, कारण हात मोकळा हवा. बटव्याचं तोंड उघडं ठेवलेलं असायचं. लोकांनी आपापलं काढून घ्यायचं.

आणि दर रविवारी भोंगा. मुहंदिसने वरचा स्विच तपासायचं काम बाईंनाच लावून दिलं होतं. “मदाम, यू नो द वे,” असं म्हणाला. दर रविवारी बाई मुद्दाम सातव्यावर उतरायच्या नाहीत, दांडीपर्यंत जायच्या, आणि गिरणीभर भोंगा वाजायचा. लोक त्यावर चहा ठेवायला लागले. नवा माणूस आला की त्याला आधी हेच सांगायचे, भोंग्याला घाबरू नको, मदाम स्विच बघतायत.

ताजी चपाती त्यांनी कधी खाल्ली नाही. चार तासांची, कापडात गुंडाळलेली, तीच खायच्या. म्हणायच्या, ताजी काय, कुणाचीही चांगली लागते. चहा साय धरेपर्यंत थंड करायच्या आणि मग गार झाला म्हणून माझ्यावर चिडायच्या. चिडल्या की मालवणी. एकदा माझा अख्खा घाणा बिघडला. पीठच वाईट होतं, पण मला वाटलं आपले हात गेले, आता वय झालं. मी पोळपाटापाशी बसून राहिले. बाईंनी ती कडक चपाती मोडून बघितली आणि म्हणाल्या, “गेली तर जांवदे गो माई. पाठसून दुसरी येतलीच.” आणि नवं पीठ मळायला घेतलं. त्यांना मळता यायचं नाही फारसं. मीच पुढे केलं.

मग एक दिवस पट्टा काढायचा ठरला. नवी लिफ्ट येणार होती, दारांची, बटणांची. चांगलंच झालं म्हणा, किती दिवस माणसांना असं लोंबकळायला लावायचं. बाईंचं निवृत्तीचं वयही त्याच सुमारास झालं. मिथिला कमावती झाली होती, पण बाईंनी कुडाळला जायचं ठरवलं होतं, आपल्या मर्जीने. हे त्या मुद्दाम सांगायच्या, आपल्या मर्जीने.

शेवटच्या दिवशी गिरणी रिकामी चालत होती. बाई माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, माई, चल. मी म्हटलं, मला वारं लागलंय. त्या हसल्या. तुला हसू येईल, पण मी तयारीनेच गेले होते. साडीऐवजी तुझ्या मामीची ट्रॅकपँट घातली होती, वरून लॅबचा कोट. मुहंदिसने आम्हाला बघितलं, पाठ वळवली आणि फोनवर मोठमोठ्याने बोलायला लागला. फोन लागलेला नव्हता.

मी एक पायरी सोडली. दुसरी सोडली. कुणी काही बोललं नाही. मग पाऊल ठेवलं. अगं, काय सांगू. वाटलं होतं हिसका बसेल. तसं काही नाही. कुणीतरी तळव्याखाली हात घालून अलगद उचलावं तसं. जमीन खाली जाते, माझं स्वयंपाकघर खाली जातं, तवा, पोळपाट, तुझे आजोबा. भोकातून डोकं वर निघतं आणि एकदम नवी जमीन डोळ्यांसमोर येते, मुंगीला दिसते तशी. इतकी वर्षं मी त्या इमारतीत होते आणि पहिला मजला पहिल्यांदाच पाहिला. हमीदचाचा हात पुढे करून उभे होते. मी उतरले. मडक्यासारखी नव्हे, मडक्याला एवढा आनंद होत नसेल.

बाई माझ्या मागच्या पायरीवर होत्या. मला वाटलं त्याही उतरतील. त्या उतरल्या नाहीत. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि तशाच पुढे गेल्या. आधी टोपी छतात गेली, मग खांदे, मग कमरेचा बटवा, मग ते बूट. थोड्या वेळाने वरून भोंगा वाजला. त्या दिवशी रविवार नव्हता.  कुणीतरी चहा ठेवला.

पट्टा पुन्हा सुरू झाला तेव्हा मी उतरत्या अंगापाशी उभी होते. रिकामी पायरी आली, रिकामी पायरी आली. मग बूट आले.

हल्ली बाई गावी चार बायकांना घेऊन पिठाची छोटी गिरणी चालवतात. फोनवर मागे तिची घरघर ऐकू येते. तक्रार एकच, इथे एकच मजला आहे गो माई, चढायला काही नाही. या थंडीत त्या मिथिलाकडे येतायत, तुझ्याच भागात, दुबईच्या इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, तुझ्यापासून चार इमारती पलीकडे. तेव्हा ऋता, एखाद्या शनिवारी त्यांना गाडीत घाल आणि इकडे घेऊन ये. त्यांचा बटवा माझ्याकडे आहे, स्वयंपाकघराच्या दारामागे, कपड्यांचे चिमटे ठेवते त्यात. चपात्या सकाळीच करून ठेवीन, म्हणजे दुपारी बाईंना चालतील. तुला ताज्या.

लवकर ये. खाली आलीस की बटण एकदाच दाब आणि त्यांच्याशी बोलत उभी राहा. ती येतेच.